बरं, पारवा

आईनं फोनवर जेवलीस का, निघालीस का, असलं काही विचारलं नाही. सरळ म्हणाली, "मला खरं सांग, तुझ्या बाबांचा तो स्वेटर निळा होता का पारवा?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य टाकलं, "आणि हो, दवाखान्यात कळवून टाक, मी परवा येणार नाहीये. दुसरा डोळा आहे तसा राहू दे." मग फोन बंद. माझा हात माउसवर होता. समोर पडद्यावर एका साबणाच्या वेष्टनासाठी आलेला फोटो होता आणि मी त्यातला हिरवा उचलायच्या बेतात होते. दचकून बोट दाबलं गेलं आणि रंगाच्या खणात भलताच मळका हिरवा येऊन बसला, शेवाळ धरलेल्या हौदासारखा. तो पुसायचंही मला सुचलं नाही. तिच्या पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेताना माझ्या नाकी नऊ आले होते. आठवडेच्या आठवडे समजावलं, दोनदा तारीख बदलली. आता कुठे दुसऱ्याचा दिवस ठरला होता, तर हे. आंधळा मागतो एक आणि देव देतो दोन म्हणतात. आमच्याकडे देव दोन द्यायला हात पुढे करून बसलाय, आणि बाईसाहेबांना एकच हवाय.

माझं काम म्हणजे रंग उचलणं. वेष्टनं, डबे, पिशव्या, बाटल्यांची लेबलं छापायला जायच्या आधी माझ्याकडे येतात. गिऱ्हाईक एखादं चित्र पाठवतं आणि म्हणतं, यातला हा रंग हवा. मी पडद्यावरच्या त्या चित्रावर ड्रॉपर, म्हणजे रंग शोषणाऱ्या नळीचं चिन्ह, ठेवते, दाबते, आणि रंग उचलला जातो. त्याचे तीन आकडे येतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती. इतकं सोपं असतं तर मला पगार कोणी दिला नसता. लोकांना वाटतं, लिंबू पिवळं असतं. लांबून असतं. जवळ जा, अजून जवळ जा, चित्राचे चौकोनी ठिपके दिसायला लागेपर्यंत जा, म्हणजे त्या लिंबात करडा सापडतो, हिरवट सापडतो, तपकिरी सापडतो, एखादा ठिपका चक्क जांभळा निघतो. या ठिपक्यावर दाबलं तर एक रंग, शेजारच्यावर दाबलं तर दुसरा. सगळे त्या लिंबाचेच, आणि एकही लिंबासारखा नाही. मग आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढायची, तर ती अशी फिकट, बेचव येते की लिंबू आजारी वाटतं. शेवटी काय करायचं, तर गिऱ्हाइकाच्या मनात जो पिवळा आहे तो असलेला एखादा ठिपका सापडेपर्यंत हिंडायचं, तो उचलायचा आणि म्हणायचं, हा बघा, तुमच्याच चित्रातला आहे. यात खोटं काही नसतं. खरंही फारसं नसतं.

साबणवाल्या साहेबांना आमच्या ऑफिसात जरासाहेब म्हणतात. जरा गडद करा, जरा फिका करा, जरा उठाव येऊ दे, जरा शांत वाटू दे. त्यांनी पाठवलेला फोटो म्हणजे त्यांच्या बायकोच्या फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या एका बागेचा, त्यांनी स्वतःच्या फोननं काढलेला फोटो. पडद्यावर खिडकीचा उजेड पडलाय, एका कोपऱ्यात त्यांच्याच अंगठ्याची सावली आहे, आणि मधे आडव्या पट्ट्या उमटल्यात. "यातलाच हिरवा हवा," म्हणाले. मी विचारलं, "साहेब, कुठल्या पानाचा?" तर म्हणाले, "पानाचा नाही हो, एकूण." एकूण! एकूण नावाच्या ठिपक्यावर कसं दाबायचं ते कोणी तरी मला शिकवा. पण मी तसं बोलत नाही. मी म्हणते, "बरं." दिवसभर माझ्या तोंडात हा एकच शब्द असतो. जरा उजळ करा. बरं. कालचाच बरा होता. बरं. नाचता येईना अंगण वाकडं अशी माणसं समोर असली की हा शब्द फार उपयोगी पडतो. समोरच्याला वाटतं, आपलं ऐकलं. आणि आपण मनातल्या मनात केव्हाच उठून गेलेलो असतो.

पण डोळ्याच्या बाबतीत आईला मी बरं म्हणू शकत नव्हते. डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून कडक होत चाललाय, आत्ताच काढणं जड जाणार आहे, अजून थांबलात तर आतल्या आत दाब वाढून डोळाच हातचा जाईल, मग आमच्याकडे येऊन उपयोग नाही. हे मी आईला शब्दशः सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. मान डोलावण्यात आई माझी गुरू आहे. आणि दवाखान्यातून सकाळीच फोन आला होता की परवाचं नक्की आहे का ते आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. मी दादाला फोन लावला. दादा परगावी असतो आणि तिथून घर चालवतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर तो उंटसुद्धा भाड्याचा घेईल असा माणूस. तो म्हणाला, "हे बघ, तू तिथे आहेस, तू शांतपणे समजाव." मी म्हटलं, "तूच एकदा बोल ना तिच्याशी." तर म्हणाला, "माझं कुठे ऐकते ती? आणि स्वेटर निळा होता, सांग तिला." मी फोन टेबलावर आपटला. शेजारच्या टेबलावरचे अक्षरवाले, जे अक्षरांची वळणं ठरवतात आणि दिवसभर मान वर करत नाहीत, त्यांनी मान वर केली.

पहिला डोळा झाल्यापासून घरात शांतता अशी नाहीच. पट्टी निघाली त्या सकाळी आई दारातच थांबली आणि म्हणाली, "ही फरशी पांढरी आहे?" मी म्हटलं, पहिल्यापासून. "मग मी इतकी वर्षं हिला लोण्यासारखी का समजत होते? आणि न्हाणीघराचे कोपरे इतके काळे? तू बघत होतीस आणि बोलली नाहीस?" मग खेळच सुरू झाला. एका हातानं उजवा डोळा झाकायचा, बघायचं. मग डावा झाकायचा, बघायचं. या डोळ्यानं लोणी, या डोळ्यानं चुना. या डोळ्यानं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं, या डोळ्यानं धुऊन वाळत घातल्यासारखं. माझ्या चेहऱ्यावरही झाला हा प्रयोग. जुन्या डोळ्यानं मी म्हणे गहूवर्णी दिसते, आणि नव्यानं "बरीच थकलीस गं." त्यात आश्चर्य कसलं, तिला दिवसातून चार वेळा थेंब घालायला मीच उभी असते. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून ती पडते, मी खालची पापणी ओढते, आणि थेंब पडायच्या आत ती डोळा मिटते. थेंब गालावर. पुन्हा. एकदा तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "तू ऑफिसातही हेच करतेस ना? ड्रॉपर?" मी म्हटलं, "तिथे आम्ही काढतो, इथे घालतो." ती इतकी हसली की तोही थेंब गालावर गेला.

स्वेटरचं भांडण माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. ती लोकर घरात आली त्या दिवसाची गोष्ट मी इतकी ऐकलीय की मी तिथे होते असंच मला वाटतं, पण माझा जन्मही व्हायचा होता. बाबांना निळा स्वेटर हवा होता. आई दुकानात गेली, दुकानात दिवसाढवळ्या ट्यूबलाइट, दुकानदारानं लडी पुढे टाकली, घ्या वहिनी, अस्सल निळी. आईनं बघितली, निळीच होती. घरी आणून गॅलरीत उन्हात धरली तर पारवी. कबुतराच्या पाठीसारखी. ती बाबांना म्हणाली, "फसले हो मी, ही पारवी निघाली." बाबांनी लोकर उजेडात धरली, पुन्हा धरली, आणि म्हणाले, "निळीच तर आहे. छान आहे." आईला वाटलं, हे माझी समजूत काढतायत. तिची कोणी चूक काढलेली एक वेळ खपेल, पण तिची समजूत काढलेली तिला मुळीच खपत नाही. म्हणाली, "डोळे फुटले का तुमचे? पारवी आहे." बाबा म्हणाले, "निळी." झालं. तिनं तो स्वेटर विणला, दर ओळीला पारवा म्हणत विणला, आणि त्यांनी तो निळा म्हणून घातला.

थंडी पडली की बाबा हाक मारायचे, "माझा निळा स्वेटर कुठाय?" आई आतून, "निळा नाहीये आपल्याकडे. पारवा आहे, हवाय?" "नको. मग मी आपला गारठतो." आणि खरंच गारठत बसायचे, खुर्चीत, छातीशी हात बांधून, दात वाजवून दाखवत. शेवटी आई स्वेटर आणून त्यांच्या अंगावर फेकायची, "घ्या, मरा." आलेल्या पाहुण्याला चहाआधी हा प्रश्न असायचा. एकदा बाबांचा एक मित्र बिचारा म्हणाला, "वहिनी, मला तर हिरवट वाटतोय," तर त्या दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की तो गृहस्थ पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. दादा निळ्याकडे होता, म्हणून मी पारव्याकडे गेले. खरं सांगायचं तर मला तो निळा कधीच दिसला नाही, आणि पारवाही नाही. मला तो राखाडी दिसायचा. साधा, चुलीतल्या राखेसारखा राखाडी. पण आमच्या घरात तिसऱ्या पक्षाला जागा नव्हती, आणि त्या हिरवटवाल्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. बाबा गेल्यावर दादानं आल्या आल्या आवराआवरी काढली आणि जुनेऱ्याच्या गाठोड्यात तो स्वेटर कोणाला तरी देऊन टाकला. आईला दोन दिवसांनी कळलं. तिनं भांडण केलं नाही, तेव्हा मला वाटलं बरं झालं, आठवणी कमी. मूर्ख आम्ही दोघंही.

आई डोळा आणि स्वेटर एका दमात बोलली, म्हणजे त्यांचा काहीतरी संबंध असणार, म्हणून त्या दुपारी मी जरासाहेबांचा हिरवा बाजूला ठेवला आणि फोनमधला बाबांचा फोटो पडद्यावर उघडला. गॅलरीतला, खुर्चीतला, हातात कप, अंगात तो स्वेटर. मूळ फोटो कागदावरचा, पिवळा पडलेला. ते गेल्यावर मोठा करून घ्यायला म्हणून मीच त्यावरून काढला होता. म्हटलं, हे तर माझं कामच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोटो पिवळा पडलाय म्हणजे सगळ्याच रंगांवर सारखा पिवळा चढलाय, तो उतरवला की खाली खरा रंग. त्यासाठी फक्त एक गोष्ट लागते, फोटोतली अशी एक वस्तू की जी नक्की पांढरी होती. ती एक सापडली की तिच्यावरून बाकीचे सगळे सुतासारखे सरळ होतात. मी आईला फोन लावला. "आई, फोटोत बाबांची कॉलर पांढरी आहे ना?" "पांढरी? मोतिया. पांढरे शर्ट त्यांना दवाखान्याच्या चादरीसारखे वाटायचे." "बरं, हातातला कप?" "तो आपला बदामी, टवका उडालेला." "मागची भिंत?" "भिंतीचं नाव काढू नकोस. तुझ्या काकानं रंगवली होती, तिला रंग म्हणतच नाहीत." "आई, त्या फोटोत एक तरी गोष्ट पांढरी आहे का?" तिनं फोटोतली एकेक वस्तू मोजली असावी. मग म्हणाली, "दात. पण तोंड मिटलंय." मी कपाळावर हात मारला. एका माणसाचा सबंध संसार समोर आहे आणि त्यात खात्रीचा पांढरा म्हणून टिकलीएवढाही नाही. मग मी उगाच स्वेटरवर दाबत बसले. खांद्यावर राखाडी. दंडावर निळसर. पोटावर तपकिरी. दाबावं आणि नवीन आकडे. तेवढ्यात जरासाहेबांचा फोन, "जरा उदास वाटतोय हो हिरवा." मी म्हटलं, "बरं," आणि सामान आवरलं.

रस्त्यात उतरतं ऊन होतं आणि मला सगळीकडे ठिपके दिसत होते. हा माझा धंद्याचा रोग आहे. समोरच्या इमारतीची भिंत एका बाजूनं केशरी, दुसऱ्या बाजूनं निळी, आणि रंगाऱ्यानं तर एकाच डब्यातून फासलेली. औषधाच्या दुकानावरची पाटी, सिग्नलचा दिवा, पुढे चाललेल्या बाईची छत्री. कुठल्याच गोष्टीला धड एक रंग असू नये, याचा मला त्या संध्याकाळी खरोखर राग आला. निदान आईचा डोळा वाचवण्यापुरता तरी एखाद्यानं एक रंग धरून राहायला काय हरकत होती? बाबांनी पारवा म्हटलं असतं तर काय झालं असतं? किंवा आईनं एकदा निळा म्हटलं असतं, तोंड भाजलं असतं का? चालता चालता मी बडबडत होते बहुतेक, कारण छत्रीवाल्या बाईनं वळून बघितलं आणि मला वाट दिली.

आई खिडकीशी बसली होती. मांडीवर भिंतीवरून उतरवलेला बाबांचा तोच मोठा केलेला फोटो, चौकटीसकट, आणि उजव्या डोळ्यावर तळहात. मी आधी हातपाय धुतले, मग थेंब घातले, कारण भांडण झालं तरी थेंब चुकवायचे नाहीत अशी सक्त ताकीद आहे. मग मी म्हटलं, "दवाखान्याला आज कळवायचंय." ती म्हणाली, "सकाळीच सांगितलं की. नाही म्हणून कळव." "का पण? दुखलं का पहिल्या वेळी? भीती वाटतेय का?" "दुखेल कशानं?" तिनं फोटो उचलून धरला. उजवा डोळा झाकला. "या जुन्यानं पारवा." डावा झाकला. "या नव्यानं निळा. सरळ निळा गं. मी सकाळपासून बघतेय, उन्हात, सावलीत, दिवा लावून. निळाच." तिनं फोटो मांडीवर ठेवला. "म्हणजे त्यांचंच खरं होतं. आणि आता हाही डोळा केला तर मग काय राहिलं? दोन्हींनी निळा. मग मी भांडायचं कशावर?" मी म्हटलं, "आई, बाबा जाऊन किती वर्षं झाली." "मला माहितीय कधी गेले ते. तू नको सांगूस." "मग असं काय लहान मुलासारखं? बाबा डोळ्यात नाहीयेत. डोळ्यात मोतीबिंदू आहे!" मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "असू दे. त्यांच्यावेळचा आहे."

मला हसू यायला हवं होतं, पण संताप आला, आणि संतापाखाली भीती होती, ती मला चांगली जाणवत होती. हिचा डोळा जाणार. माझ्या डोळ्यादेखत जाणार, एका जुनेऱ्यात गेलेल्या स्वेटरपायी. मग मला माझा धंदा आठवला. मी लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला, आईची खुर्ची ओढून आणली. बाबांचा फोटो उघडला. म्हटलं, "हे बघ, डोळ्यांचं सोड. डोळे फसतात. आजूबाजूला पिवळं असलं की मधला राखाडीसुद्धा निळा वाटतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. हे यंत्र फसत नाही. ते ज्या ठिपक्यावर ठेवू त्याचा रंग सांगतं." आणि मी ड्रॉपर फिरवायला लागले. फिरवता फिरवता तिच्याकडे बघत नव्हते. दुपारभर दाबून मला त्या स्वेटरची गल्ली न् गल्ली पाठ झाली होती. कॉलरच्या जरा खाली, डाव्या खांद्यावर एक ठिपका होता, हुबेहूब कबुतर. तिथे दाबलं. खणात रंग भरला. मी खुर्चीला टेकून म्हटलं, "घे. पारवा. तू जिंकलीस, बाबा हरले. आता दुसऱ्या डोळ्यानं काहीही दिसू दे, निकाल लागलाय. परवा जायचं."

आई त्या चौकोनाकडे बघत राहिली. मला वाटलं, खुलेल. ती म्हणाली, "परत दाब."

"आता परत कशाला?"

"दाब तर खरं."

तिथेच दाबलं. पारवा. मग तिनं माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. तिला माउस धड चालवता येत नाही, तो टेबलावरून घसरत घसरत कडेपर्यंत गेला, पण टोक एकदाचं बाबांच्या कोपरावर पोचलं आणि तिनं जोरात बोट आपटलं. निळा आला. चांगला ठसठशीत निळा. छातीवर आपटलं, तपकिरी. मनगटावर, तर काही तरी जांभळट. ती म्हणाली, "हे दर वेळी वेगळं सांगतंय."

"असंच असतं ते."

"असंच असतं ना? मग तू बरोबर तोच ठिपका शोधून काढलास."

दिवसभराच्या सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "बरं बाई. पारवा तर पारवा. तुझंच खरं."

तिनं माउस सोडला. इतका वेळ ती हट्टी दिसत होती, आता एकदम म्हातारी दिसली. "असंच म्हणाले होते ते," ती म्हणाली. "दवाखान्यात. त्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली होती, मी घरून स्वेटर नेला. म्हटलं, घ्या तुमचा पारवा स्वेटर. मी वाट बघत होते. म्हटलं, आता म्हणतील. तर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बरं, पारवा. दे. तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी येऊन रडले तर तुला वाटलं डॉक्टर काही म्हणाले. डॉक्टर तर म्हणत होते सुधारणा आहे. मला तेव्हाच कळलं होतं गं. माझ्याशी भांडायचं सोडलं त्यांनी."

मला तो बाक आठवला. थंडगार, लोखंडी, भिंतीला फिकट पिस्ता रंग, वरून ट्यूबलाइट. आई आली, पदर तोंडाशी धरून बसली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "बरं वाटेल त्यांना, बरं वाटेल." किती सहज म्हणत होते. आणि तिच्या कानात तो शब्द कसा पडत असेल! तेव्हापासून मी तिला दिवसातून किती वेळा बरं म्हटलं असेन? भाजीत मीठ कमी आहे. बरं. पंखा बंद कर. बरं. मला वाटायचं, मी किती समजूतदार मुलगी, म्हाताऱ्या आईशी वाद घालत नाही. दादा फोनवर तेच करतो. दोघं मिळून आम्ही तिला रोज जिंकू देतो. मला तिची कीव आली नाही, मला भयंकर चीड आली, स्वतःची, दादाची, बाबांचीसुद्धा. शेवटच्या वेळी निळा म्हणायला काय झालं होतं हो तुम्हाला? एक शब्द. त्यापेक्षा सोपा शब्द मराठीत आहे का?

"राखाडी आहे तो," मी म्हटलं.

"काय?"

"स्वेटर. राखाडी आहे. पहिल्यापासून राखाडी होता. पारवा नाही, निळा नाही. तुम्ही दोघं जन्मभर कशावर भांडत होता ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. लहानपणापासून बघतेय मी. राखाडी!"

आई खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळली. "राखाडी? अगं, राखाडी म्हणजे काय तुला माहितीय का? राखाडी लोकर मी घरात आणेन? हातात तरी धरेन?"

"आणलीस की. आणि विणलीस."

"डोळे आहेत का तुझे?"

"माझे दोन आहेत! तुझा एकच आहे, आणि दुसऱ्यात चहा भरलाय. रंगांचं काम करते मी, त्याचा पगार घेते. तू दोन धड डोळे करून ये आणि मग माझ्याशी बोल."

"येते! येतेच!" तिनं लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलं. "म्हणे राखाडी. नेमकं कुठलं कॉलेज होतं तुझं? फी परत माग त्यांच्याकडून. लाव फोन त्या दवाखान्याला. परवाचं नक्की म्हणावं, आणि तुझ्या त्या डॉक्टर बाईला विचार, उद्या नाही का जमणार?"

मी फोन घेऊन गॅलरीच्या दाराशी गेले. नंबर दोनदा चुकला. पलीकडून दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "पेशंटची तयारी आहे ना नक्की? सकाळी तुम्ही जरा साशंक वाटलात." मी म्हटलं, "हो, आहे, पूर्ण तयारी आहे," आणि मागे कान दिला, तर तिनं विचारलं, ऐकू येतंय ना? ऐकू येत होतं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता, भिंतीच्या खिळ्याला चौकट अडकवल्याचा, आणि मग आईचा, कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा, तक्रारीचा, खणखणीत.

"अहो, ऐकलंत का? तुमची लेक राखाडी म्हणतेय!"